दोन बोटं उंच

बंदुकीवरची दुर्बीण नळीला जितकी खेटून बसेल तितकी चांगली, हे मी चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलोय. कुइक्कावारा गावात बंदुका दुरुस्त करणारा मी एकटाच, त्यामुळे ऐकून घेतल्यावाचून कुणाला गत्यंतर नसतं. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप भिंगासमोर यायला हवा. दुर्बीण उंच बसली की माणूस कोंबड्यासारखी मान ताणतो, नेम चुकतो, आणि मग शिव्या खायच्या आम्ही.

म्हणून ओइवा केम्पाइनेनची रायफल माझ्या बाकावर आली तेव्हा मला हसूच आलं. ओइवा गावचा सुतार. वसंतात गेला, घरात एकटाच होता. पुतण्याने त्याचं सामान विकायला काढलं, त्यातून ही बोल्टची रायफल माझ्या केर्तूने उचलली. केर्तू माझी मुलगी, चोवीस वर्षांची. उलू शहरातली नोकरी सोडून घरी परतली होती आणि या शरदात पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला उतरणार होती. रायफल झकास होती हो. पण दुर्बीण! तिच्याखाली ओइवाने बर्चच्या लाकडाचा चांगला दोन बोटं जाड ठोकळा घातला होता.

"हे काय, धुराडं बसवलंय का?" मी म्हणालो.

"बाबा, मेलेल्या माणसाला तरी सोड."

"जिवंत असता तर तोंडावर बोललो असतो. सुताराने सुतारकी करावी."

ठोकळा मात्र सुबक होता. कडा तासून, तेल पाजून गुळगुळीत केलेला. आणि स्क्रू गोंदाने असे पक्के बसवले होते, की पुन्हा कुणी काढूच नयेत. एकेक तापवून काढावा लागला. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. ओइवाच्या हातून आयुष्यात एक खुर्ची वाकडी झाली नव्हती. असा माणूस असलं बावळट काम का करेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण अंगात मस्ती असली की प्रश्न पडत नाहीत. ठोकळा मी शेगडीत टाकला. बर्च छान जळतं.

दुर्बीण नळीवर धरायला माझ्याकडची सगळ्यात बुटकी कडी मी लावली. पुढच्या भिंगाखालून पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, ते जेमतेम सरकलं. बोल्टची मूठ दुर्बिणीला न घासता वर आली. याच्या खाली दुर्बीण बसवणं देवाच्या बापाला जमणार नाही. केर्तूने डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मग डोळे उघडले.

"अगदी माझ्या मापाने शिवल्यासारखी!" ती म्हणाली.

मी खूश. तो बुधवार होता.

एल्कवर गोळी चालवायची तर आधी परीक्षा द्यावी लागते. पंचाहत्तर मीटरवर चार गोळ्या, चारही वर्तुळात. गुरुवारी केर्तूने चारही मारल्या. त्या वेळी मी शंभर पावलांवरच्या झोपडीत पेंत्तीबरोबर कॉफी पीत होतो. पेंत्ती आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या, फाटक्या तोंडाचा.

"ओइवाची ना ती?" तो म्हणाला. "पाठीला झाड असल्याशिवाय म्हातारा कधी उभा राहिला नाही. मी त्याला म्हणायचो, अरे, एल्क समोरून येतं, मागून नाही."

"मग तो काय म्हणायचा?"

"काय म्हणणार? एल्कबद्दल कोण बोलतंय, म्हणायचा."

आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

घरी येताना गाडीत केर्तू सारखी मागे वळून बघत होती. पास झालेली पोरगी, आणि तोंड असं. तळ्याचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "बाबा, गोळ्या मारताना माझ्या मागे तूच उभा होतास ना?"

मी नव्हतो. पण बाप पाठीशी उभा होता असं पोरीला वाटलं, तर वाटू दे. त्यात काय बिघडतं?

"मीच," मी म्हणालो.

"मग दुर्बिणीत..." ती थांबली. "जाऊ दे. डोळे थकले असतील."

शुक्रवारी दुपारी मी एकटाच रायफल घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलो. शनिवारी शिकार, त्याआधी स्क्रू आणि नेम एकदा तपासावा म्हणून. रेंजवर चिटपाखरू नव्हतं. बाकावर बसलो, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, गाल टेकवला.

दुर्बिणीत एक माणूस होता. माझ्याकडे पाठ करून बसलेला.

माणूस दिसला की बोल्ट उघडायचा, म्हणजे गोळी सुटत नाही, हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. बोल्ट उघडून मी डोळा बाजूला घेतला. समोर कागदी निशाण, वाळूचा ढीग, त्यामागे पाइनची झाडं. माणूस नाही. पुन्हा डोळा लावला. पाठ होती तिथेच. बाकावर वाकलेली. तपकिरी जाकीट, डाव्या कोपरावर हिरवं ठिगळ. ते ठिगळ मागच्या हिवाळ्यात केर्तूने लावलं होतं. माझ्या जाकिटाला.

मी डावा हात उचलला. त्यानेही उचलला.

मी गर्रकन मागे वळलो. गाडी, चिखलाचा रस्ता, पडून राहिलेले ओंडके. दुसरं काही नाही. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण मी पडलो कारागीर. घाबरलो की हाताला काम देतो. गाडीत सगळ्या मापाची कडी होती. उंच कडी लावली, तर दुर्बिणीतली पाठ लांब गेली, अगदी त्या ओंडक्यांपाशी उभं राहून कुणी बघावं इतकी. मधली लावली, तर जवळ आली. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच: दुर्बीण जितकी खाली, मागून बघणारा तितका जवळ. मग पुन्हा बुटकी लावली, आणि मानेवरचा तीळ दिसला. माझ्या मानेवर तीळ आहे असं माझी बायको सांगायची. मी तो जन्मात पाहिला नव्हता.

ओइवाला दोन बोटं का लागली ते मला तिथे, त्या बाकावर कळलं. माझी सगळ्यात उंच कडी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

घरी आलो. केर्तू चुलीपाशी बूट सुकवत होती.

"उद्या माझी रायफल ने," मी म्हणालो.

"का?"

"हिचे स्क्रू ढिले आहेत."

तिने पाना घेऊन सगळे स्क्रू पाहिले. सगळे घट्ट. "बाबा, तू बसवलेला स्क्रू आणि ढिला?"

"नेतेस की नाही?"

"बरं, नेते. ओरडू नकोस."

खरं काय ते तेव्हाच सांगायचं ना! पण सांगणार काय? आणि मनातलं सांगायचं तर लाजही वाटली. चाळीस वर्षं जगाला शहाणपण शिकवलं, आता पोरीसमोर म्हणू, की दुर्बीण उंचच बरी? माझ्या दुरुस्तीच्या खोलीत जाऊन बर्चचा नवा ठोकळा तासायला घेतला. दोन ठोकळे वाया गेले. तिसरा अर्धवट ठेवून मी अंथरुणावर पडलो.

सकाळी उठलो तर माझी रायफल टेबलावर. शेजारी राईच्या पावाचे दोन तुकडे लोणी लावून ठेवलेले आणि एक चिठ्ठी: "पेंत्तीच्या गाडीतून पुढे जातेय. तुझी माझ्या गालाला बसत नाही. रागावू नकोस." गुरुवारी मागे मीच उभा होतो, हे तिने खरं मानलं होतं ना.

गाडी मी कशी हाकली माझं मला माहीत. पोचलो तेव्हा कुत्रा सोडलेला होता, माणसं आपापल्या जागी गेली होती. केर्तू सात नंबरला. मला सहा नंबर ठेवला होता. मध्ये तोडलेल्या जंगलाची दोनशे पावलांची मोकळी पट्टी. आमच्याकडे एक नियम लहान पोरालाही पाठ असतो: पेंत्तीने जनावराचा हाका संपला म्हणून सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. जागा सोडलेला माणूस म्हणजे गोळीच्या वाटेत आलेला माणूस.

मी रेडिओ तोंडाला लावला. "केर्तू, दुर्बिणीतून बघू नकोस."

"तैस्तो," पेंत्ती माझ्यावर खेकसला, "कुत्रा भुंकायला लागलाय. लेका, बायकांसारख्या गप्पा काय मारतोस? तोंड बंद ठेव."

कुत्र्याचा आवाज आमच्याच बाजूला सरकत होता. आणि एकदम थांबला. कुत्रा असा मध्येच थांबत नाही.

रेडिओत केर्तू कुजबुजली. "बाबा."

"बोल."

"तू तुझ्या जागेवर आहेस?"

"हो."

रेडिओ खरखरला.

"मग गुरुवारी तू खोटं बोललास."

मी गोळ्या काढल्या, रायफल झाडाला टेकवली आणि जागा सोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पेंत्ती विचारत होता, सहा नंबर, सहा नंबर, कुठे आहेस. मी उत्तर दिलं नाही. लाल टोपी हातात घेऊन हलवत, बुंध्यांना ठेचकाळत पळत सुटलो. कुणी गोळी घातली असती तरी चाललं असतं. माझी पोर तिथे एकटी होती.

ती घडीच्या स्टुलावर बसली होती. माझ्याकडे पाठ. रायफल खांद्याला, गाल दस्त्यावर, मी शिकवलं तसा. बोल्ट उघडा होता. हलत नव्हती.

मी तिच्या चारही बाजूंना पाहिलं. शेवाळ, गवत, थोडं धुकं. कुणी नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या मागे तीन पावलांवर जाऊन मी उभा राहिलो.

"केर्तू, मी आहे. मागे दुसरं कुणी नाही. ठेव ती खाली."

"तू आलास ते दिसलं," ती म्हणाली. डोळा काढला नाही. "इतका वेळ मी दिसत होते. आता नाही दिसत."

"म्हणजे?"

"मध्ये तू आलास. बाबा, तुझी पाठ दिसतेय."

मी मागे वळलो नाही. वळायला हवं होतं. मान वळेचना.

"किती लांबून?" मी विचारलं.

तिने डोळा भिंगाला आणखी जवळ नेला.

"केर्तू, किती लांबून?"

"आता नीट दिसत नाही," ती अगदी हळू म्हणाली. "फार जवळचं दुर्बिणीत धूसर होतं ना."