कुसुमची बाटली

मतदानाच्या सकाळी खडकी बाजारामागच्या गल्लीत बायका दारात उभ्या राहून आपापल्या हाताकडे बघत होत्या. प्रत्येकीच्या डाव्या तर्जनीवर काळी खूण होती. मत मात्र एकीनेही दिलं नव्हतं.

"कुसुम येऊन गेली," हिराबाई म्हणाल्या. "तिनंच शाई लावली."

कुसुमला जाऊन वर्ष झालं होतं. तिचा नवरा पोपट तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. शेजारी त्याचा मित्र होता, खासगी गुप्तहेर बुद्धभूषण ओव्हाळ. दोघांना मेहजबीनने बोलावलं होतं. मतदारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांचा गट ती चालवायची.

"केंद्रावरून दोघींना परत पाठवलं," ती म्हणाली. "बोटावर खूण असली की मत नाही, असा नियम आहे. साबण झाला, लिंबू झालं, जातच नाही. सहाला दार बंद होईल, काका."

"काल काय केलंत?" बुद्धभूषणने विचारलं.

"तालीम. कुसुमकाकूंनीच सुरू केलेली. आदल्या संध्याकाळी बायकांना बसवून सगळं दाखवायचं. रांग, यंत्र, शाई. शाईऐवजी साधं पाणी लावतो, काकूंच्याच बाटलीतलं. दुपारी मी घरच्या नळाचं पाणी भरून बाटली तात्यारावांच्या खोलीत ठेवली."

"खूण कधी दिसली?"

"रात्री कुणालाच नाही. सकाळी अंगण झाडताना, कपडे वाळत घालताना."

पोपट हळूच म्हणाला, "भूषण, ती असं करेल का रे? ती तर लोकांना ओढून मताला न्यायची."

"म्हणूनच बघू या, कुणी केलंय ते."

बोटांना पाणी लावलं होतं गटातल्याच, बँकेत काम करणाऱ्या ऋषीने. "काडीला कापूस गुंडाळून लावलं," तो म्हणाला. "रंग नाही, वास नाही. उरलेलं मोरीत ओतलं. आता सगळ्या माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघतायत." त्याचे हात स्वच्छ होते.

तालमीची खोली तात्यारावच्या आरशांच्या दुकानामागे होती. भिंतीला जुने आरसे टेकवलेले. पोपटला चारी बाजूंनी स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं. एका आरशात आपल्यामागे कुणीतरी आहे असं वाटलं. वळला, तर कुणी नव्हतं.

बुद्धभूषण खाली वाकला होता. सांडलेल्या पाण्याचे ठिपके खिडकीपाशी काळे पडले होते. टेबलाखालच्या सावलीत फरशी स्वच्छ होती.

तात्याराव तळहातावर तंबाखू घेऊन आला. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. "काच लागली. आरशांना चांदी चढवायची म्हणजे हे रोजचंच." चुना घेऊन त्याच अंगठ्याने तो तंबाखू रगडू लागला. "काल मी दुकानातच होतो, आत फिरकलो नाही. आणि मेलेल्यांची नावं मतदार यादीतनं निघत नाहीत, पोपटराव. मग त्या येणारच की!"

पोपट दाराकडे वळला.

बाहेर आल्यावर बुद्धभूषणने मेहजबीनला विचारलं, "तालमीला येऊनही खूण नाही, अशी कुणी आहे?"

"अख्तरबानू आपा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उजेड सोसत नाही म्हणून सकाळपासून खिडक्या लावून बसल्यात."

अंधाऱ्या खोलीत आपांनी हात पुढे केला. बोट कोरं होतं.

"कुसुमने आपांना सोडलं," दारातून कुणीतरी पुटपुटलं.

"आपा, हात बुरख्याच्या आत ठेवा आणि शाळेतल्या केंद्रावर चला," बुद्धभूषण म्हणाला. "तात्याराव, तुम्हीपण."

शाळेच्या पटांगणात केंद्राध्यक्ष बाहेर आले. बुद्धभूषणने त्यांना आपांचं बोट दाखवलं. "कोरं आहे ना? आपा, आता उन्हात धरा."

सगळे थांबले. थोड्या वेळाने नखाजवळ राखाडी झाक आली. मग ती तपकिरी झाली, पसरली. कुणी न दिसणारं माणूस सावकाश शाई लावत असावं, तशी. आपा दुवा म्हणू लागल्या.

"कुसुम नाही, ऊन," बुद्धभूषण म्हणाला. "चांदीचा क्षार. पाण्यात विरघळला की दिसत नाही, ऊन लागलं की काळा पडतो. मतदानाच्या शाईत तोच असतो. म्हणून रात्री खूण नव्हती, म्हणून खिडकीपाशी ठिपके आणि सावलीत काही नाही. मेहजबीनने नळाचं पाणी भरलं. संध्याकाळी ऋषीने लावलं. मधल्या वेळात बाटली अशा माणसाच्या खोलीत होती, ज्याच्याकडे आरशांसाठी हा क्षार असतोच."

"माझ्याकडे असतो म्हणून मीच का?" तात्याराव ओरडला.

"काच लागलेल्या अंगठ्याने कुणी चुना रगडतं? चिंधी सोडा."

तो सोडेना. ऋषीने सोडली. अंगठ्यावर ओरखडाही नव्हता. तो काळा होता.

"रस्तारुंदीत दुकान जातंय," तात्याराव खाली बघत म्हणाला. "एका उमेदवाराचे लोक वाचवतो म्हणाले. या गल्लीची मतं तेवढी अडव म्हणाले."

"तिच्या बाटलीतून?" पोपटने विचारलं.

तात्याराव चिंधी पुन्हा अंगठ्याला गुंडाळू लागला.

केंद्राध्यक्षांनी वरिष्ठांना फोन लावला. मत दिलेल्यांच्या नोंदवहीत या बायकांच्या सह्या नव्हत्याच. शाई मधल्या बोटाला लावायची असं ठरलं आणि गल्लीभर निरोप गेला. दार बंद व्हायच्या आत शेवटी हिराबाई बाहेर आल्या. त्यांनी पोपटला दोन काळी बोटं दाखवली. "हे तात्याचं, हे माझं. आणि भाऊ, सकाळी मी कुसुमला उगाच बोलले."

बाटली पोलिसांनी नेली होती.

"काका, पुढच्या तालमीला काय वापरायचं?" मेहजबीनने विचारलं.

"तिच्या शेवटच्या औषधाची एक बाटली आहे घरी," पोपट म्हणाला. "उशाशी होती, तिथेच आहे अजून. आज धुतो. पाणी मी भरीन."