शाई पसरायच्या आत

पाटोद्याचा तो वायरमन आमच्या बोटीत चढला, तेव्हा त्याच्या खिशात टेस्टर होता... आणि टेस्टरशेजारी शाईचा पेन. माझा संशय तिथूनच सुरू झाला. वायरमनला शाईचा पेन हवाच कशाला?

आमची बोट दुधाची. माजलगावच्या धरणाच्या पाण्याकाठी वस्त्या आहेत. रोज सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं बोट लावतात. मी दूध मोजते, मशीनवर फॅट काढते, वहीत लिहिते. फॅटचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं. आधीचा इन्व्हर्टर कुणीतरी मागच्या फळीखाली बसवला होता. तळातलं पाणी त्यात गेलं आणि भर वस्तीसमोर मशीन बंद! अंदाजानं फॅट लिहायला मी नाही म्हटलं. लोकांनी आठ दिवस दूध दुसरीकडं घातलं. आप्पा म्हणाले, "आता एकदा जरी बंद पडलं, तर बोट इकून टाकतो."

म्हणून नवा इन्व्हर्टर बसवायला आलेल्या त्या वायरमनवर, अनिलवर, माझी नजर होती. म्हणजे... त्याच्या कामावर.

"इंजिनाजवळ लावा की," आप्पांनी सुचवलं.

"गरम व्हतंय तिथं."

"मंग बॅटरीच्या डोक्यावर?"

"बॅटरीची वाफ खाईल त्याला. जवळ पायजे, पण डोक्यावर न्हाई." मग हळूच माझ्याकडं वळून, "तुमी कुठं बसता?"

"कावून?"

"सहज..."

सहज! इन्व्हर्टरच्या जागेचा आणि माझ्या बसण्याचा काय संबंध?

तीन दिवस तो नुसता येत राहिला. इथं वाकून बघ, तिथं हात लाव, पाण्याचे तुषार कुठवर येतात ते न्याहाळ... आणि निघून जा. वस्तीवरच्या जाईबाईंच्या म्हशीचं दूध मी मोजत होते, तर त्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, मला मावशी म्हणतो, तुझ्या बापाला आप्पा म्हणतो. तुला काईच म्हणत न्हाई. ताईसुदीक न्हाई!"

"काम करू द्या, मावशी."

"मी कुठं धरलंय त्याला?"

तिसऱ्या दिवशी तो गेल्यावर कॅन सरकवताना मला फळीखाली एक कागदाचा कपटा चिकटवलेला दिसला. निळ्या शाईत आकडा — सात. छताच्या नळीला दुसरा — दोन. मग शोधतच सुटले. नऊ सापडले. कानशिलं तापली. हा फोन नंबर! नऊ आकडे लपवायचे आणि दहावा तोंडानं सांगायचा... असा बेत! सगळे कपटे उपटले आणि वहीत कोंबले.

चौथ्या दिवशी तो आला. फळीखाली वाकला, नळी चाचपली. चेहरा उतरला.

"आप्पा, नऊच्या नऊ कागद गेले. एवढं पाणी उडत असंल, तर या बोटीत कोरडी जागाच न्हाई. इन्व्हर्टर टिकायचा न्हाई. लटकं सांगून मी बसवणार न्हाई."

आप्पा बोटीकडं बघत राहिले. त्यांनी तिच्या काठाला हात टेकवला, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "मंग... इकावीच लागंल."

अर्ध्या तासापूर्वीच पुढच्या फळीवर बसून मी रोजच्यासारखं त्रिशरण, पंचशील म्हटलं होतं. न दिलेलं घेणार नाही. खोटं बोलणार नाही. आता मला कुणी काही विचारलंही नव्हतं... गप्प राहिले असते तर कळलंही नसतं.

"कागद मी काढले," मी म्हणाले.

"तुमी? कावून?"

"मला वाटलं... फोन नंबर हाय."

जाईबाई अशा हसल्या, की रिकामी किटली पाण्यात पडता पडता राहिली. तो मात्र कानापर्यंत लाल.

"शाईचे आकडे हायत ते. दमट जागी शाई पसरती. त्यावरून जागा ठरवतो मी." जरा थांबून, "कुठला कुठनं काढला, ध्यानात हाय?"

"सगळे."

वही उघडली. मी जागा सांगत गेले, तो कागद बघत गेला. सात पसरला होता, दोनचं तर निळं तळं झालं होतं. एकच आकडा कोरडा ठणठणीत होता — सहा. छताच्या पुढच्या खांबावरचा. बॅटरी खाली, हातभर बाजूला.

"मंग लावा तिथं!" आप्पा उठलेच.

"तिथं नको," तो पुटपुटला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"इन्व्हर्टरचा पंखा गुरगुरतो. सकाळी तुमी तिथंच बसून पंचशील म्हणता ना... मी काठावर उभा असतो. लई शांत वाटतं. त्यात आवाज नको."

म्हणून विचारलं होतं तर — तुमी कुठं बसता!

मला वर बघवेना. "मी... हातभर सरकून बसेन. लावा."

दुपारपर्यंत इन्व्हर्टर लागला. मशीन उजळलं. जाईबाईंच्या म्हशीची फॅट सहा पॉइंट आठ. त्यांनी वहीत डोकावून खात्री केली.

उतरताना तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी तपासायला यावं लागंल."

"लागतंच का?"

माझ्याकडं बघून त्याला खोटं बोलता येईना. "...न्हाई. लागत न्हाई."

"पेन द्या जरा. वहीत लिहायचंय."

पेन मी परत दिलाच नाही. त्यानं मागितलाही नाही.

तेराव्या दिवशी सकाळी तो आला. पाण्यावर धुकं होतं. मी पंचशील म्हणून डोळे उघडले, तर तो खांबापाशी उभा... इन्व्हर्टरमागचा कागद त्याच्या हातात. त्यावर मी दहा आकडा काढला होता आणि खाली लिहिलं होतं — तपासायचं काही नसलं, तरी या.

शाई जराही पसरली नव्हती.

त्यानं कागद जपून खिशात ठेवला, आणि मग पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

"पंचशीला..."