सणस हवालदारांची जागा

चहाचा पेला हातात घेण्याआधी चौकीतला प्रत्येक जवान कॉलरवरची बटणाएवढी चकती एकदा दाबायचा. हिरवा ठिपका लुकलुकला की दिवस सुरू. चौदा हजार फुटांवर हेही दाढी करण्याइतकं अंगवळणी पडलं होतं.

चकतीला बंधमापक म्हणत. ती शब्द ऐकत नसे. आवाजातला कंप, नाडीचे ठोके आणि कोण कुणाजवळ किती वेळ बसलं, एवढंच ती टिपायची. संध्याकाळी त्यावरून तुकडीचा नकाशा तयार होई. शांत माणूस हिरवा, ताणाखालचा लाल. डॉ. शर्वरी टिळेकर या समाजमानसशास्त्रज्ञ बाईने सहा वर्षं खपून हे तंत्र उभं केलं होतं. ते ऐंशी चौक्यांवर जाण्याआधीची ही शेवटची चाचणी होती, म्हणून ती स्वतः हिवाळाभर इथे मुक्कामाला आली होती.

नकाशात एकच गोष्ट खटकत होती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हवालदार भिकाजी सणसांशेजारी जो बसे, त्याची नाडी वाढे, आवाज कापे आणि ठिपका लाल होई. यंत्राचा निष्कर्ष सरळ होता: हा माणूस ताणाचा उगम आहे, त्याला हलवा. शर्वरीने आकडे तीनदा तपासले आणि शिफारशीवर सही केली.

"माझं काही चुकलं का मॅडम?" निघताना सणसांनी विचारलं.

"नाही हो सणस, प्रयोगाचा भाग आहे."

 त्यांनी वळकटी बांधली आणि ते खालच्या तळावर, कोठाराच्या कामावर रुजू झाले.

पुढचे तीन आठवडे नकाशा हिरवागार होता. प्रकल्पप्रमुख कर्नल सबनीसांनी फोन करून अभिनंदन केलं. तळाकडचा रस्ता बर्फाने बंद झाला, तरी हिरवा रंग ढळला नाही.

सणस गेल्यापासून चोविसाव्या दिवशी भर दुपारी निलेश उदमले नावाचा शिपाई जाकीट न घालता, हातमोजे न घालता चौकीबाहेर पडला आणि बर्फातून नाकासमोर चालत राहिला. गस्तीच्या जवानांना तो तासाभराने सापडला. जीव वाचला, पण डाव्या हाताची तीन बोटं गेली.

शर्वरीने आधी त्याचा आलेख उघडला. नऊ दिवस सलग हिरवा. नाडी संथ, आवाज सपाट. ती तशीच उठून त्याच्या खाटेपाशी गेली.

"काय झालं होतं, उदमले?"

तो छताकडे बघत म्हणाला, "नऊ दिवसांपूर्वी बायकोचा फोन आला होता. बाळ पोटातच गेलं."

"कुणाला बोलला नाहीस?"

"रस्ता बंद. सांगून कोण काय करणार? सणस उस्ताद असते तर त्यांच्यापाशी बसलो असतो. ते काही विचारत नाहीत मॅडम. बटाटे सोलायला देतात. सोलता सोलता रडलं तरी चालतं."

शर्वरीला आता उमगलं. सणसांजवळ ताण निर्माण होत नव्हता, तो तिथे बाहेर पडत होता. आणि आतून गोठलेल्या माणसाला तिचं यंत्र शांत समजत होतं.

तिने चूक लेखी कळवली आणि ऐंशी चौक्यांचं काम थांबवायला सांगितलं. रस्ता खुला होताच ती स्वतः तळावर जाऊन सणसांना घेऊन आली.

दोन दिवसांनी कर्नलांचा फोन आला. "चूक सापडली, उत्तम झालं. आता सणससारखी माणसं ओळखायला यंत्राला शिकवा. प्रत्येक चौकीवर एकेक नेमू. ज्याचा आलेख सपाट दिसेल, त्याला त्या नेमलेल्या माणसापुढे बसवायचं. किती दिवस लागतील?"

"तीन-चार," शर्वरी म्हणाली. काम खरोखरच सोपं होतं. उद्या आणखी एखादा उदमले त्यामुळे वाचला असता. तरी तिचा हात चालेना.

ती स्वयंपाकघरात गेली, सणसांसमोरच्या खोक्यावर बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. सणसांनी सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले.

"नेमा की मॅडम," ते म्हणाले. "हुकूम झाला की मी बसेन. पण हुकमाने बसवलेली पोरं रडतील का?"