ओग्न्यानच्या गाडीची शिटी

दार लोटून घ्या रे, गार वारा येतोय. यावोरचं सांगतो. माझ्या चुलतबहिणीचा, नेवेनाचा, एकुलता एक. रुमेन मेकॅनिक त्या रात्री त्याच्या शेजारी बसला होता. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी हे.

दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर. यावोर शिपकाचा घाट ओलांडून गाब्रोवोला निघाला होता, एक टर्बो आणायला, इंजिनात जास्तीची हवा कोंबून जोर देणारा पंखा. त्याच्या डिझेल गाडीला कंपनीने बसवलेला टर्बो लहान. चढाला गाडी धापा टाकायची आणि पोरं खिदळायची. मोठा टर्बो त्याने हेरून ठेवला होता, त्सोन्का मावशीच्या अंगणात. तिच्या मेलेल्या मुलाची, ओग्न्यानची गाडी तिथे उभी असे. मागून ट्रकने चेपलेली, पुढून धडधाकट. तो टर्बो ओग्न्यानने स्वतः बसवलेला. तो गेल्यापासून त्सोन्का रोज संध्याकाळी गाडीत बसायची, चावी फिरवायची, पायाने जराशी रेस द्यायची आणि टर्बोची ती शिटी ऐकायची. मग स्वयंपाकाला लागायची.

"सीटं ने, चाकं ने," तिने यावोरला आधीच सांगितलं होतं. "इंजिनाला हात लावू नकोस, बाळा. तेवढाच त्याचा आवाज उरलाय."

"मेलेल्याला टर्बो कशाला, मावशी? तिकडे काय शर्यती लागतात?"

त्या शनिवारी सगळी आळी आपापल्या मेलेल्यांना जेवू घालायला कबरस्तानात गेली होती. यावोरने बॉनेट उघडलं, टर्बो सोडवला, डिकीत टाकला. निघतोय तोच त्सोन्का फाटकात आली आणि तिने त्याच्या दाराची मूठ धरली. तो थांबला नाही. म्हातारी फरफटत गेली, पडली. आरशात ती गुडघ्यांवर दिसली, तेव्हा त्याने हॉर्न वाजवला. मजेत, निरोप घेतात तसा.

रुमेनला त्याने सांगितलं, भंगारात मिळाला. रुमेनने जुना काढून हा बसवला, तेलाच्या नळ्या जोडल्या, सगळं आवळलं. सात तारीख, मंगळवारची रात्र. दुसऱ्या दिवशी मिहाइलाचा सण, जीव न्यायला येणाऱ्या देवदूताचा. दोघं घाटात निघाले.

"ऐक, ऐक!" यावोर ओरडला. "कशी गातेय बघ!"

"हळू, गाढवा. आत्ताच बसवलाय."

गाडी चढावर झेपावली. शिटी चढत गेली. माथ्याजवळ यावोरने पाय उचलला.

शिटी थांबली नाही.

"तेल पितेय ती स्वतःचंच, चावीने नाही थांबायची," रुमेन म्हणाला. "वरचा गिअर टाक, क्लच सोड. बंद पाड!"

यावोरने बंद पाडली. इंजिन मेलं. दिवे गेले. माथा ओलांडून गाडी उताराला लागली...

शिटी चालूच.

"ब्रेक मार!"

"लागत नाहीये..."

स्टिअरिंग आपोआप वळत होतं. यावोरने हात वर धरले होते. रुमेनने पाहिलं. एक वळण. दुसरं. कुठेही घासलं नाही. आणि शिटीत आता शब्द होता.

आईऽऽ...

गाब्रोवो आलं. ती गल्ली. ते फाटक उघडंच होतं. गाडी अंगणात शिरली, उभी राहिली. मग सगळं शांत...

त्सोन्का रात्रीच्या झग्यात धावत आली. काचेतून वाकून तिने विचारलं,

"जेवलास?"

मी तो नव्हे, असं सांगायला यावोरने तोंड उघडलं. रुमेनने त्याचे ओठ हलताना पाहिले.

"आई," यावोर म्हणाला.

आवाज यावोरचा नव्हता.

तो अजून तिथेच आहे. तेवढा एकच शब्द बोलतो, तोही तिलाच. नेवेना सुरुवातीला दर रविवारी जायची. पोटच्या पोराने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या खेपेला तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तर तो घाबरून त्सोन्काच्या पाठीआड लपला. त्सोन्का हसली. "माझ्या पोराला परक्या बायांची सवय नाही," म्हणाली. नेवेना त्यानंतर गेली नाही. आता ती कुणाशीच बोलत नाही.

वसंतात रुमेनने यावोरची गाडी ओढून आणली आणि टर्बो खोलला. बोल्ट त्याने आवळले होते तसेच होते, नळ्या घट्ट. शंखासारखं ते कवच त्याने उघडलं. आत मूठभर उकडलेले गहू होते, साखर लावलेले. मेलेल्याच्या नावाने वाटतात तसे.

रुमेनने बोट लावलं.

गहू कोमट होते.