शेजारची घळ

ज्या झाडाला मी मिठी मारली होती, त्याच झाडाला पलीकडून आणखी कुणीतरी मिठी मारली होती.

दोष माझा नव्हता. उतारच असा की पाय ठेवला की माती खाली, आणि मातीबरोबर आपणही. मी बसूनच घसरत आले, समोर खोड दिसलं, घट्ट धरलं. डोळे उघडून बघते तर खोडावर चार हात!

"हे झाड माझं आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"असू दे की. मी पोटभाडेकरू म्हणून राहतो."

आवाजामागून चेहरा आला. कपाळावर चिखल, भुवईत अडकलेलं वाळकं पान, आणि हसू मात्र असं निवांत की जणू हा माणूस रोज सकाळी इथेच लटकायला येतो.

"तुम्ही माझ्या मागे तर येत नव्हतात?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"मागे? अहो, तुम्ही वरून आलात. थेट अंगावर."

शर्यतीत असं विचारावंच लागतं. आमची शर्यत नकाशाची. कधी न पाहिलेल्या जंगलात सोडतात, हातात नकाशा आणि होकायंत्र देतात, आणि झाडीत लावलेल्या केशरी-पांढऱ्या झेंड्या क्रमाने शोधायला सांगतात. झेंडीवर आकडा असतो, खाली कागदाला भोक पाडणारा छोटा पंच. कार्डावरच्या चौकोनात टोचा मारायचा आणि पुढे पळायचं. वाट कुणाला विचारायची नाही, कुणाला सांगायची नाही. सांगणारा बाद आणि ऐकणाराही बाद.

"म्हणजे वाट सोडून बाकी कशावरही बोलायला मोकळीक आहे," तो म्हणाला. "काय करता तुम्ही?"

"नकाशे काढते. ऑफिसात, टेबलावर बसून. तुम्ही?"

"जनावरांचा डॉक्टर. काल एका गाईने लाथ घातली, म्हणून आज जरा लंगडतोय."

"पेशंटला तुम्ही आवडला नाहीत वाटतं."

"सुरुवातीला कुणालाच आवडत नाही मी," तो खोड सोडत म्हणाला. "हळूहळू सवय होते..."

आणि एका हाताने फांद्या बाजूला सारत तो गेलासुद्धा. मी मात्र उगाचच हसत तिथेच उभी! मग स्वतःलाच दटावलं — बाई गं, तू इथे कशाला आलीयेस?

कशाला आले होते ते मला पाठ होतं. आमच्या सर्वेक्षण कार्यालयात नकाशे काढून काढून माझी मान वाकडी व्हायची वेळ आली होती. डोंगर मोजायला जायची ती फिरती तुकडी, आणि तुकडीत एकच जागा रिकामी झाली होती. मी मागितली. आमच्या प्रमुख बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "रेषा सुरेख काढतेस, पण डोंगर चढून बघितलायस का कधी? ती शर्यत एकटीने पुरी करून दाखव. सगळ्या झेंड्या क्रमाने, वेळ संपायच्या आत. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर विषय बंद." घरी दादाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "तू? मागच्या गल्लीत हरवतेस तू!" आई म्हणाली, "जाऊ दे रे तिला, हौस फिटेल." हौस! त्या एका शब्दाने मी अशी काही पेटले की त्यानंतर रोज पहाटे टेकडी पळत चढत होते.

तर ते असो. या खेळात एक सवय जिवापाड जपायची असते. आपण नकाशावर जिथे आहोत तिथे अंगठा ठेवायचा, आणि जसजसं पुढे जाऊ तसतसा अंगठा सरकवायचा. अंगठा उचलला की संपलं. आणि मी... मी डोंगराच्या धारेवर पोचल्यावर केसांत अडकलेली काटकी काढायला अंगठा उचलला. खरं सांगायचं तर काटकी निमित्त होती. मघाचा चिखलाचा चेहरा दिसतोय का ते बघत होते.

तेवढ्यात धुकं उतरलं. धारेवरून खाली दोन घळी जात होत्या, जुळ्या बहिणींसारख्या, मध्ये फक्त डोंगराची एक सोंड. मी बेधडक एकीत उतरले. दगड शेवाळलेले, हाताला ओल, नाकात कुजलेल्या पानांचा वास. आणि घळीच्या टोकाशी झेंडी! मी आनंदाने टोचा मारला आणि वळले, तर समोर तो.

त्याने झेंडीकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कार्डाकडे, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं. आणि बघतच राहिला. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. डोळ्यांत असं काही होतं की मी उगाचच केस सारखे केले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." तो मागे फिरला आणि दगडांवरून भराभर वर चढून गेला.

पुढची झेंडी खाली ओढ्याकाठी होती. तिथे मी उगाच वेळ काढला. बुटाची नाडी नीट होती, तरी सोडून पुन्हा बांधली. शेवटी तो आला, धापा टाकत, भलत्याच बाजूने. टोचा मारला. निघाला नाही.

"असं काय बघताय मघापासून?" मी धीर करून विचारलंच.

"मला... बोलता येत नाहीये."

"इतकं काय अवघड आहे?"

"फार अवघड आहे," तो अगदी कळवळून म्हणाला, आणि ओढा ओलांडून पळत सुटला.

मी लाजले. हो, भर जंगलात, चिखलात उभी राहून चक्क लाजले! गालावरचा हात काढून शेवटच्या झेंडीची दिशा धरायला नकाशा उघडला, अंगठा टेकवला... आणि अंगठ्याखाली, घळीच्या तोंडाशी, एक कडा काढलेला दिसला. जाड काळी रेघ. असल्या रेघा मी आयुष्यभर काढत आलेय. कडा काही वाटेतला खडा नव्हे, की न दिसता मागे पडावा. मला कडा लागलाच नव्हता.

तो भलत्या बाजूने का आला, ते तेव्हा डोक्यात शिरलं. भलत्या बाजूने मी आले होते. मी टोचलेली झेंडी त्याच जंगलात पळणाऱ्या दुसऱ्या गटाच्या शर्यतीची, शेजारच्या घळीतली. आकडा मी वाचलाच नव्हता. आणि त्याला ते माहीत होतं. ती नजर... हाय रे देवा, ती नजर प्रेमाची नव्हती, कीव होती!

डोळ्यांत पाणी आलं. समोर अर्ध्या तासाची सोपी वाट, मागे तो उभा चढ, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. चुकीच्या टोच्यासाठी कार्डावर मोकळे चौकोन असतात, पण मग चुकली तिथपासून सगळं क्रमाने पुन्हा करायचं. वर जाऊन खरी झेंडी, मग परत हा ओढा, मग शेवटची. मी नाक पुसलं. रडायचंय ना? मग चढता चढता रड!

आणि चढले. मुळं धरून, गुडघे टेकून, त्याला शिव्या घालत, स्वतःला त्याहून जास्त घालत. या खेपेला अंगठा नकाशाला चिकटवल्यासारखा होता. सोंड डाव्या हाताला, धार वर, आणि मग धुक्यातून तो कडा आला, काळा, ओला, अगदी नकाशात काढलाय तसाच. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. झेंडी त्याच्या पायथ्याशी होती. आकडा मोठ्याने वाचला, टोचा मारला, आणि तिथून जी धावले ती ओढ्याकाठची आणि शेवटची झेंडी टोचून थेट शर्यत संपते त्या दोरीपाशीच थांबले. शर्यत बंद करायची शिट्टी वाजवणाऱ्याने शिट्टी ओठांना लावली होती.

दोरीपलीकडे वाट बघत उभ्या असलेल्या प्रमुख बाईंनी कार्ड उजेडात धरलं. एक चुकलेला टोचा, खाली मोकळ्या चौकोनांत दोन नवे.

"चूक झाली होती हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कडा लागला नाही, त्यावरून कळलं."

"नक्की? शपथेवर?"

"शपथेवर," मी म्हटलं, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

त्यांनी कार्ड खिशात टाकलं. "सोमवारी तुकडी निघतेय. पावसाळ्यापर्यंत परत येणं नाही. बूट चांगले घे." एवढंच.

तो झाडाखाली हातात चहाचा पेला घेऊन बसला होता. चहावर साय धरली होती, त्याला पत्ता नव्हता. मला बघून ताडकन उठला. मी तरातरा गेले.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"आणि गप्प बसलात!"

"बोललो असतो तर तुम्ही बाद झाला असतात." तो एक पाऊल पुढे आला. "तुम्ही इतक्या जिद्दीने पळत होतात, ते माझ्या एका शब्दाने मातीत गेलं असतं. ओढ्याशी जीभ चावून उभा होतो मी. पळालो, कारण आणखी थांबलो असतो तर बोललोच असतो. तेव्हापासून इथे बसलोय, वाटेकडे डोळे लावून."

माझा राग गळून पडला. मघाशी शपथ घेताना माझा आवाज हलला नाही, तो या माणसामुळे. दादा हसला होता, आईने हौस म्हटलं होतं. मला जमेल असं मानून गप्प राहिलेला हा पहिलाच.

"म्हणजे ती नुसती कीव होती," मी हळूच म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला, आणि तोंड मिटून जमिनीकडे बघू लागला.

"हे बघ," मी म्हटलं. अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही. "सोमवारी मी जातेय, ती थेट पावसाळ्यात परत येणार. मला तू आवडलास. जंगलात गप्प राहिलास ते फार चांगलं केलंस. आता गप्प राहिलास तर जन्मात माफ करणार नाही."

त्याने पेला खाली ठेवला. चिखलाचे हात पँटला पुसले, आणि माझे चिखलाचे हात त्यात घेतले.

"कीव नव्हती," तो म्हणाला. "सोमवारच्या आत भेटशील? उद्या? ...आज संध्याकाळी?"

"आत्ता," मी म्हटलं.