घोंगडी न ओळखणारं दार

‘तुम्ही न तपासलेलं दार लोकांसाठी उघडलंत, आणि त्यात माणूस चेंगरला तेव्हा दोष त्याच्याच माथी मारलात.’

तानू झोरेनं तक्रारीत हे पहिलं वाक्य बोललं. पडद्यानं विचारलं, “भाषा सौम्य करू का?” तिनं ‘नको’ दाबलं आणि तक्रार धाडून दिली.

साल दोन हजार एकाहत्तर. तानू बारा वर्षांची. तिची धनगरवाडी दरीच्या अलीकडे, शाळा आणि दवाखाना पलीकडे, मधे बिनचालकाचा पाळणा (तारेवरून सरकणारी केबिन). गेल्या सोमवारी त्या पाळण्याचं दार तिच्या आजाच्या, बिरू झोरेंच्या, खांद्यावर मिटलं ते दाबतच गेलं. हाड मोडलं. दोन दिवसांत वरून, पाळणा चालवणाऱ्या कचेरीतून, निकाल आला: प्रवाशाचा निष्काळजीपणा, बिरू झोरेंना पाळण्यात कायमची बंदी. आता खांद्याच्या उपचाराला जायचं तर डोंगर उतरून पलीकडचा चढायचा, चार तास. मोडलेल्या खांद्यानं.

तानूला एकच कोडं सुटत नव्हतं. हेच दार कोंबडी आडवी आली तरी थांबतं, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. मग सहा फुटी आजा त्याला दिसला कसा नाही?

वरच्यांनी तक्रारीला उत्तर दिलं नाही. पण ती वाचून दोघं आपणहून वाडीवर आले. नीलकंठ सोमण हा याच पाळण्याचा विकासक (प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचना, लिहिणारा). शकिला मुल्लाणी या चाचणीकार (तो प्रोग्रॅम कुठे चुकतो ते शोधणाऱ्या).

“चार हजार वेळा तपासलंय मी,” नीलकंठ आल्या आल्या म्हणाला. चेहरा मात्र पडलेला होता.

“कोणावर?” शकिलाताईंनी विचारलं.

“माझ्यावर. ऑफिसातल्या सगळ्यांवर.”

“म्हणजे सुती शर्टांवर. आजा, तुम्ही कसे चढलात ते सांगा. जसंच्या तसं.”

बिरू आजा खांदा सावरत म्हणाला, “कसा म्हंजे? शेळ्या आदी आत घातल्या. दोन ऱ्हायल्या भायेर. त्यांच्यावर नजर ठिवून पाठीनं आत शिरलो. धुकं व्हतं, घोंगडी डोक्यावरनं घेतल्याली.”

“पाठीनं?” नीलकंठ म्हणाला. “पाठीनं कोण शिरतं?”

“ज्याच्या शेळ्या भायेर हायेत त्यो.”

शकिलाताईंनी पाळणा फलाटावर उभा करून ठेवला. गरम पाण्याचा हंडा दारात धरला, दार थांबलं. मग तोच हंडा घोंगडीत गुंडाळून तासभर गार हवेत ठेवला आणि पुन्हा दारात धरला. दार मिटलं, अडकलं, आणि सावकाश आणखी जोर लावत गेलं. हंड्याला पोचा पडला.

तानूनं हंड्याचा पोचा चाचपला. “असं का करतंय ते?”

नीलकंठ फलाटावरच बसला. “दाराच्या वर आतून उष्णतावेधक आहे (अंगाची ऊब टिपणारा यंत्राचा डोळा). लोकर ऊब आत धरून ठेवते, बाहेरून ती धुक्याइतकी गार. आजांची पाठ त्याला दिसलीच नाही. दाराच्या कडेला दाब कळतो, पण मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलंय की अडथळा आहे आणि ऊब नाही, तर तो गवताचा भारा समज. जोर लाव. भारे अडकून पाळणा खोळंबायचा ना.”

“म्हणजे दार बिघडलं नव्हतं,” तानू म्हणाली. “तुम्ही सांगितलं तसंच वागलं.”

“हो.”

“मग तुम्हाला ते कळलं कसं नाही?”

उत्तर आजानं दिलं. “पोरी, आपल्यात शेळ्यांचं वाडगं जो बांधतो त्यो तपासतो का? न्हाई. दुसरा जातो. त्यो लांडगा हून कुडाच्या कुंपनाभवती फिरतो, येक येक मेढीचा खांब हालवून बघतो. बांधणाऱ्याला कुड दिसतो. फट दिसत न्हाई.”

“मी पगारी लांडगा आहे,” शकिलाताई म्हणाल्या. “नीलकंठ विचार करतो की हे कसं चालेल. मी विचार करते की हे कशानं फसेल. त्याच्याशिवाय पाळणा हलणार नाही, माझ्याशिवाय तो भरवशाचा होणार नाही. एकाच डोक्याला दोन्ही जमतं असं समजू नये.”

नीलकंठनं अर्ध्या तासात सूचना बदलली: दाब कळला की दार उघड, ऊब असो वा नसो. तानू उठली. “झालं तर मग.”

“बस खाली,” शकिलाताई म्हणाल्या. “आता पुनर्चाचणी (एक चूक सुधारताना दुसरी घुसली का, हे पाहायला सगळं पुन्हा तपासणं). तू सांग, दारावर आणखी कशाचा दाब येईल?”

तानूनं दरीकडे पाहिलं. तार वाऱ्यानं हलत होती. “वाऱ्याचा. मधोमध लई जोराचा असतो.”

त्यांनी रिकामा पाळणा सोडला. दरीच्या बरोबर मधे झोत आला आणि दार सताड उघडलं. नीलकंठनं घाम पुसला आणि पुन्हा लिहायला बसला: फलाट सोडल्यावर दार काही झालं तरी कुलूपबंद. मग वाडीतली पोरं कामाला लागली. काठी, ओली घोंगडी, गवताचा भारा, फुग्यात भरलेलं गार पाणी, जे सुचेल ते घेऊन त्यांनी दाराला तीन दिवस छळलं. आणखी दोन चुका सापडल्या. दुसरी शोधणाऱ्या पोराला नीलकंठनं स्वतः शाबासकी दिली, तेव्हा तानूचा त्याच्यावरचा राग उतरला.

पण वरच्यांवरचा उतरला नाही. चौथ्या दिवशी पडद्यावर कचेरीतले वरचे साहेब आले. म्हणाले, “पाळणा दुरुस्त झाला, अभिनंदन. आता तक्रार मागे घे.”

“आणि आजाची बंदी?”

“निकाल लागलेला आहे, बाळ. नियमानं तोंड पुढे करून चढायचं असतं.”

शकिलाताईंनी पाळण्याच्या मंजुरीचा मूळ कागद तानूपुढे सरकवला. तानूनं तो पडद्यासमोर धरला. तिचा आवाज जराही हलला नाही.

“साहेब, इथं विकासकाची सही आहे. चाचणीकाराची जागा कोरी आहे. ताईंनी तीन आठवडे मागितले होते, उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून तुम्ही ते दिले नाहीत. त्याखाली सही तुमची आहे. शाळेच्या बाजूनं दुसऱ्या वाड्यांसाठी अजून सहा पाळणे उभे राहतायत. ते आम्ही तपासू, ताई शिकवणार आहेत आम्हाला. पण त्याआधी सांगा, हा पाळणा तपासायचं राहिलं ते कोणाच्या निष्काळजीपणानं? आणि माझा आजा उद्या सकाळी त्यात बसून दवाखान्यात जाणार की नाही? मी इथंच उभी आहे. बोला.”