तिसरं मशीन सुरू झालं की

"उंदीर दिसत नाहीत हिला. माझं कापड तेवढं बरोबर दिसतं."

थोरली पुटपुटली. तोंडात टाचण्या धरून पुटपुटली, त्यामुळे शेजारच्या मशीनवरच्या धाकटीलाच ते ऐकू गेलं. शिवून ठेवलेल्या पांढऱ्या कोटांच्या थप्पीवर चिंधी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. सगळ्यात वरच्या कोटाला मांजराच्या केसांचं अस्तर लागलं होतं.

तोवर त्या दिवसाची सगळ्यात मोठी तक्रार ती एवढीच.

ही घटना खरी आहे. यातली धाकटी म्हणजे माझी मावसबहीण. तिने मला हे तीनदा सांगितलं. बनवून सांगणारा माणूस दर वेळी थोडं तिखटमीठ लावतो. हिचा आवाज मात्र दर वेळी आणखी खाली गेला.

बुधवार होता. दुपारचे पावणेतीन. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दिवेही गेलेले नव्हते.

अरुंद गल्लीतलं दुमजली घर. खाली शिवणकाम, वर राहणं. भिंतीला लावून तीन मोटारीची मशीनं. पहिल्यावर थोरला, दुसऱ्यावर त्याची बायको थोरली, तिसऱ्यावर तिची जाऊ, धाकटी. धाकटीचा नवरा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस पाहुण्यासारखा यायचा, नुसता झोपायचा आणि जायचा.

इस्पितळांचे कोट शिवायचा धंदा मुळात सासूबाईंचा. चाळीस वर्षं त्यांनी चालवला. दोन्ही सुनांच्या हातात कात्री त्यांनीच दिली, आणि शिवण वाकडी गेली की उसवायलाही त्यांनीच लावलं.

दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या.

"झोपेतच गेल्या." कुणीही विचारलं की तिघंही हेच सांगायची. तिघांचे शब्दसुद्धा सारखेच.

चिंधी सासूबाईंची. चौदा वर्षांपूर्वी कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात सापडली म्हणून हे नाव. आता पार म्हातारी. कान गेलेले. मागे पातेलं आपटलं तरी वळून बघत नसे. इतक्या वर्षांत तिने कुणाला साधं ओरबाडलं नव्हतं.

सासूबाई गेल्यापासून काम मंदावलं होतं. कधी एक मशीन चालायचं, कधी दोन. त्या बुधवारी मोठी ऑर्डर आली.

"आज तिघांनीही बसायचं," थोरला म्हणाला. "मान वर करायची नाही."

त्याचं मशीन सुरू झालं. मग थोरलीचं. धाकटीने पेडलवर पाय दाबला.

आणि...

चिंधीचे कान उभे राहिले.

बहिऱ्या मांजराचे कान.

ती थप्पीवरून उतरली. सावकाश जिन्यापाशी गेली. पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून वर बघत राहिली. मग वळली आणि सरळ थोरल्याच्या पायावर झेपावली.

पेडलवरच्या पायावर.

"ए! अगं धर तिला! धर म्हणतो ना!"

धरणार कोण? तिने पोटरीत दात रुतवले होते. घशातून असा आवाज येत होता की धाकटीला वाटलं, खोलीत दुसरंच काहीतरी शिरलंय. पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब उडाले. तिघांचेही पाय पेडलवरून सुटले.

मशीनं थांबली.

चिंधीही थांबली. तोंड पुसल्यासारखं केलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. वर बघत.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. हसऱ्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी फोन आला. सगळं ठीक.

"म्हातारी मांजरं कुठे दुखत असलं की अंगावर येतात," त्या म्हणाल्या. "हिचं तर काही दुखत नाहीये. घरात काही बदललंय का?"

"नाही," थोरला म्हणाला.

"कुणी आलं, कुणी गेलं?"

"आई गेली. झोपेतच."

"अरेरे. मांजर तेव्हा कुठे होतं?"

फोन स्पीकरवर होता. तिघंही तिथेच होती.

थोरल्याने फोन ठेवून दिला.

शनिवारी चिंधी थोरलीच्या मनगटावर गेली. सोमवारी पुन्हा थोरल्याच्या पायावर. मंगळवारी धाकटीच्या. तीच धाकटी, जिच्या पायांशी ती आदल्या रात्री घोरत झोपली होती. नवरा नसलेल्या त्या खोलीत दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत असेल, तर तो तिचाच.

जखम धुताना धाकटीच्या एक गोष्ट लक्षात आली. नंतर तिने ती चोरून करूनही पाहिली.

एक मशीन चालू असलं, तर चिंधी झोपलेली.

दोन चालू, तरी झोपलेली.

तिसरं सुरू झालं की...

कान.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तिने सबबी सुरू केल्या. आज कंबर धरली. आज दोरा सारखा तुटतोय. आज मी नुसती बटणं लावते.

"तुझी कंबर बरी ऑर्डर बघून धरते गं!" थोरली म्हणाली.

थोरला हसला नाही. "गुरुवारी डॉक्टरीणबाईंना बोलावलंय," तो म्हणाला. "इंजेक्शन देतील. एकदाचं संपवून टाकू."

"भाऊजी, आईंची आहे ती."

"म्हणूनच आजवर ठेवली ना?"

आता एका घंटीबद्दल सांगायला हवं.

सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. सात महिने. वरच्या खोलीत भाड्याने लोखंडी पलंग आणला. हाक खालपर्यंत पोचेना, म्हणून थोरल्याने पलंगाच्या दांडीला सायकलची घंटी बसवून दिली.

ट्रिंग. उशी सरकली.

ट्रिंग. किती वाजले?

ट्रिंग. चिंधी कुठे गेली? चिंधी त्यांच्या पायाशीच असे.

दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. वाईट नव्हती हो ती माणसं. दमली होती. त्यांना लांब बसून नावं ठेवणं सोपं आहे, ज्यांनी सात महिने जिना चढला नाही त्यांना तर फारच सोपं.

मग थोरल्याने नियम केला. घंटी वाजली की ज्याचं मशीन थांबलेलं असेल, त्याने वर जायचं. ज्याची शिवण अर्ध्यात आहे त्याने उठायचं नाही. सगळ्यांना पटलं.

आणि हळूहळू असं व्हायला लागलं, की घंटी वाजायची तेव्हा कुणाचंच मशीन थांबलेलं नसायचं.

शिवणकाम करणाऱ्यांना ठाऊक असतं, सुईखाली कापड नसताना मशीन पळवलं की दोरा खाली बॉबिनमध्ये गुंतत जातो. मग चिमट्याने एकेक धागा ओढून काढत बसावं लागतं.

सासूबाई गेल्यानंतर चौथ्या दिवशी तिघं मशीनं साफ करायला बसली. धाकटीच्या मशीनखाली मुठीएवढा गुंता निघाला. तो लपवत तिने शेजारी पाहिलं. थोरली चिमट्याने धागे ओढत होती. पलीकडे थोरल्याने तर बॉबिनच बाहेर काढून मांडीवर घेतलं होतं.

एकाच दुपारी तिन्ही मशीनं कशी गुंतली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

सासूबाई गेल्या त्या दुपारी चार वाजता चहा घेऊन वर धाकटीच गेली होती. चिंधी सासूबाईंच्या छातीवर बसली होती. सासूबाईंचा हात पलंगाच्या दांडीवर होता. अंगठा घंटीच्या खटक्यावर. धाकटीने आधी चहा खाली ठेवला, मग तो अंगठा काढला, आणि मगच खाली हाक मारली.

या क्रमाचं तिचं तिलाच अजूनही कोडं आहे.

आठवड्याभरात पलंग भाड्याच्या दुकानात परत गेला. घंटी काढायची राहिली. ती पलंगाबरोबरच गेली. वरची खोली तेव्हापासून रिकामी होती.

गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. सोबत झाकणाची टोपली, बॅग आणि सही करायचा कागद. धाकटीने चिंधीला उचलून टोपलीत ठेवलं. तिने जराही विरोध केला नाही. उलट धाकटीच्या हाताला डोकं घासलं. विरोध केला असता तर बरं झालं असतं, असं धाकटी म्हणते.

"ही चावते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "खरं सांगू का, माझं मन धजत नाहीये."

"तुम्हाला खोटं वाटतंय?" थोरला उसळला. "बघाच मग. आम्ही कामाला बसलो की कशी करते ती बघा. बसा गं दोघी."

"भाऊजी, नको..."

"बस म्हणतो ना!"

त्याचं मशीन सुरू झालं. थोरलीचं झालं. धाकटीने डोळे मिटून पेडल दाबलं.

तिघांच्याही सुईखाली कापड नव्हतं. नुसतं दाखवायचंच तर होतं.

चिंधी हलली नाही. टोपलीच्या जाळीतून ती वर बघत होती. सरळ वर, छताकडे.

डॉक्टरीणबाई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली. थोडं ऐकलं.

"वर कुणी आजारी आहे का?" मशीनांच्या आवाजावर आवाज चढवून त्या ओरडल्या.

"काय?"

"वर! मघापासून कुणीतरी घंटी वाजवतंय. जा ना कुणीतरी!"

तिन्ही मशीनं एकदम थांबली.

खोलीत कसलाच आवाज उरला नाही. आणि मग...

ट्रिं...

अर्धीच. अंगठ्यात जोर नसला की वाजते तशी.

चिंधी टोपलीतून बाहेर आली आणि अजून आहे, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच जीव टांगणीला नको. त्या घरात आता एका वेळी दोनच मशीनं चालतात. वर कोण होतं, हे मात्र मला विचारू नका. धाकटी त्या दुपारी जिना चढून गेली होती. रिकामी खोली, बंद खिडकी, फरशीवर पलंगाच्या चार पायांचे डाग. बस. हे लिहिताना बाहेरून एक सायकल गेली आणि मी पेन खाली ठेवलं.

पण वर जाण्याआधीचं राहिलं.

"शेजारचं असेल," थोरला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "भिंती पातळ आहेत. तुम्ही सही कुठे करायची ते दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "कारण काय लिहू?"

"लिहा, पिसाळली."

धाकटीने तोंड उघडलं. तिने शपथेवर सांगितलं मला, ती बोलणारच होती. पण तिच्या आधी थोरली उठली. तिचा चेहरा कोटाच्या कापडासारखा झाला होता. तिने नवऱ्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"पिसाळली नाही ती," थोरली म्हणाली. "आई झोपेत गेल्या नाहीत, डॉक्टर. त्या घंटी वाजवत होत्या. वीस मिनिटं. आम्हाला तिघांनाही ऐकू येत होती. उठायला लागू नये म्हणून आम्ही तिघंही रिकामी मशीनं पळवत बसलो होतो."

"अगं, गप्प बस."

"आणि रिकामं मशीन वेगळं वाजतं हो," थोरली म्हणाली. "चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला ते वर पडल्या पडल्यासुद्धा कळतं."